खिडकीच्या दोन रेघा

कारखान्यात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला 'चालूनबघा' म्हणत. नव्याने लागलेल्या माणसाला वाटे, हे काय भलतंच नाव! पण एकदा त्याला काम करताना पाहिलं की पुन्हा विचारायची गरज उरत नसे.

गाड्यांच्या सांगाड्यांवर पत्रा चढवून आतलं सामान बसवून देणारा तो कारखाना. फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, बँकेची गाडी, आणि कधीमधी कुणा हौशी श्रीमंताचं चाकांवरचं घर. आतली लाकडाची सगळी कामं याच्याकडे. याची रीत अशी, की लाकडाला करवत लावण्याआधी गाडीचा नकाशा कारखान्याच्या फरशीवर खडूने आखायचा, पूर्ण मापात, खऱ्या गाडीएवढा. मग गिऱ्हाइकाला जोडे काढायला लावायचे आणि म्हणायचं, "आता चालून बघा."

गिऱ्हाईक अवघडून जाई. चांगली मोठमोठी माणसं हवेतलं दार उघडून खडूच्या घरात शिरताना लाजत. पण हा सोडतोय होय! "तिकडून नको साहेब, तिकडे शेगडी आहे, भाजाल. वळा. बसा. आता आडवे व्हा." दवाखान्याचे डॉक्टर फरशीवर आडवे झाले, बँकेचे साहेब नसलेल्या टेबलामागे उकिडवे बसले. कपाटाचं दार उघडलं तर ते पलंगावरच्या माणसाच्या नाकाला लागतं, हे चालून बघितल्यावरच कळतं. कागदावर काय, सगळंच छान दिसतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरही होतं. त्याच्या रेघांची भाषा सोपी होती. एक रेघ म्हणजे भिंत. रेघेत मोकळी जागा सोडली की ते दार. आणि शेजारीशेजारी दोन रेघा म्हणजे खिडकी.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. इतक्या गाड्या त्याने आतून सजवल्या, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर तो एकाही गाडीतून गेला नाही. आवारात गाडी पुढेमागे घेण्याइतपत चालवणं त्याला येत होतं, तेवढंच. गाडी तयार झाली की गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर येई, चावी घेई आणि धुरळा उडवत निघून जाई. हा फाटकापर्यंत पोहोचवायला जाई, आणि परत येऊन पुढच्या गाडीसाठी फरशी पुसायला घेई. गाडी गेली कुठे, तिच्या खिडक्यांतून कुणाला काय दिसलं, याची चौकशी त्याने कधी केली नाही.

त्याची बायको एका रुग्णालयाच्या तळघरात कामाला होती. चादरी, अभ्रे, पडदे, शस्त्रक्रियेचे झगे. धुऊन आलेलं लावायचं, फाटलेलं शिवायचं, गठ्ठे बांधून वर पाठवायचे. तळघराला खिडकी नव्हती. डोक्यावर ट्यूबलाइट आणि शिलाई मशीनसमोर राखाडी रंगाची भिंत. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे वरून येणाऱ्या माणसाला विचारूनच कळायचं. "तुमच्यापेक्षा त्या भिंतीशीच माझा जास्त संसार झालाय," असं ती नवऱ्याला म्हणायची. तो हसायचा. ती थट्टा होती खरी, पण निव्वळ थट्टाच होती असं नाही.

चाकांवरच्या घराचं वेड त्यांना लागलं ते लग्नाला फार दिवस झालेले नसताना. तो डबा विसरला म्हणून ती द्यायला कारखान्यात आली, तेव्हा फरशीवर कुणा श्रीमंताच्या घराचा खडू ताजा होता. बाकीचे जेवायला गेले होते. तो म्हणाला, "ये, चालून बघ." ती चपला काढून दारातून आत आली, नसलेल्या ओट्यापाशी उभी राहिली, नसलेल्या बाकावर बसल्यासारखं केलं, आणि मग बिनदिक्कत खडूच्या पलंगावर आडवी झाली.

"आणि या डोक्याशी दोन रेघा कसल्या?"

"खिडकी. उशीवर डोकं ठेवलं की बाहेरचं दिसणार."

ती उठेचना. माणसं जेवून परतायची वेळ झाली तरी उठेना. शेवटी उठली तेव्हा पाठीला लागलेला खडू झटकत म्हणाली, "आपलं एक असं करा. मला बाकी काही नको. डोक्याशी खिडकी तेवढी हवी."

तो हो म्हणाला. मग लेक झाली, तिचं शिक्षण, तिचं लग्न, घराची गळती, या सगळ्यात ते मागे पडत गेलं. पण विसरलं कुणीच नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मालकांनी आवाराच्या कोपऱ्यात पडून असलेली शाळेची एक जुनी गाडी त्याला देऊन टाकली. आतून पार मोकळी, बाजूच्या खिडक्या पत्र्याने बुजवलेल्या, पण इंजिन ठणठणीत. घर कारखान्याला लागूनच होतं. मालकांच्या ड्रायव्हरने गाडी घरामागे आणून उभी केली. मग शेजारच्या पत्र्याच्या शेडमधलं भंगार बाहेर काढलं, सिमेंटची जमीन धुतली आणि त्याने खडू हातात घेतला. सगळ्यात आधी काय काढलं असेल? डोक्याशी दोन रेघा. बाकीचं घर त्यांच्याभोवती आखलं.

तीही तोवर कामातून मोकळी झाली होती. रोज सकाळचा चहा झाला की दोघं शेडमध्ये जात. ती दारातून आत शिरे, तो कडेला काटकोन बघायचा गुण्या घेऊन उभा. ओटा अंगावर येतोय का, वळताना कोपर कुठे लागतं, रात्री उठलं तर पाय कुठे पडेल. तिला कंटाळा येई, पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ती गप्प बसे. पहिल्या नकाशावरच गाडी झाली असती. चांगली झाली असती. पण याला कुठे समाधान! रेघ पुसायची, बोटभर सरकवायची, पुन्हा चालून बघायचं.

मग ती भिंतींतून चालायला लागली.

म्हणजे, ओट्याकडून पलंगाकडे वळताना तिचा पाय रेघेवर पडू लागला. कधी सरळ रेघेपलीकडे. "अगं, भिंतीतून चाललीस! भूत झालीस की काय?" तो ओरडे, आणि दोघंही हसत. घरात कडेचा कप तिच्या हाताने उडाला, दाराची चौकट खांद्याला लागली. त्याने काय करावं? त्याने नकाशा बदलला. बायको भिंतीवर आपटतेय म्हणजे भिंतच चुकीच्या जागी आहे, असं धरून चालायची त्याला आयुष्यभराची सवय. त्याने कपाट सरकवलं. वाट रुंद केली. घरातली तिपाईसुद्धा हलवली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईचे डोळे एकदा दाखवून घ्या की." तो म्हणाला, "डोळ्यांना काय धाड भरलीय? तिपाईची जागा चुकली होती."

शेवटी लेकच येऊन आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हाही गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दिवे लावले, विझवले, आणि मग समोर बसवून सांगितलं, की डोळ्यांतला दाब वाढलाय, तो कधीपासूनच वाढलाय. नजर कडेकडेने जाते, म्हणून माणसाला कळत नाही. जी गेली ती परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकेल तेवढी टिकेल.

"घरात आपटत नव्हत्या का या?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपटायची," तो म्हणाला. "मी कपाट सरकवलं."

डॉक्टर हसले नाहीत. लेकीने बाबांकडे पाहिलं आणि मान वळवली. त्या रात्री जेवणाच्या ताटावर बसून तो रडला, आणि बायकोच त्याची समजूत घालत बसली.

इथे कुणालाही वाटेल, की आता तरी शहाणा होईल. तिने तर स्वच्छच सांगितलं, "अहो, एक गादी टाका आत आणि चला. आता दिसतंय तेवढं बघून घेऊ. समोरचं दिसतं मला. नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, पण दिसतं."

"खिडकी तरी नीट बसवू दे."

"भोक पाडा, चालेल मला."

"भोक? तुझ्या डोक्याशी? पाऊस येईल, वारा येईल. थोडा धीर धर. एकदा मापात बसू दे."

लेकीने बरंच ऐकवलं. "बाबा, बसने जा, भाड्याची गाडी करा, पण आईला घेऊन जा कुठेतरी. कशाची वाट बघताय?" त्याचं उत्तर तयार होतं. बसमध्ये तिला धक्के बसतील, परक्या ठिकाणी ती पडेल. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मापाच्या घरात, ती सुरक्षित असेल. आणि हे त्याला मनापासून वाटत होतं, म्हणून तर त्याच्याशी वाद घालता येत नव्हता. खरं कारण मात्र तो स्वतःलाही सांगत नव्हता. त्याला भीती वाटत होती. फाटकाबाहेर ज्याने कधी गाडी नेली नाही, त्याने अर्धी आंधळी बायको घेऊन रस्त्याला लागायचं? रेघांच्या आत तो राजा होता. बाहेर त्याला कोण विचारतं!

मग सुरू झालं ते भयंकरच होतं. तिची नजर थोडी गेली की तो नकाशा बदलायचा, आणि नकाशा बदलेपर्यंत ती आणखी जायची. उजवी बाजू दिसेनाशी झाली म्हणून ओटा डावीकडे घेतला. तेवढ्यात डावी गेली. मग कोपरे गोल केले. भांडी उघड्या फळीवरून खणात गेली, कारण घरात तिला फळीवरचं दिसेना. उद्या ती जशी होणार होती त्या बाईसाठी तो घर आखत होता, आणि आजची बाई त्या घराबाहेर बसून वाट बघत होती. हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं असं नाही.

एक दिवस तिला खडूच दिसेना. ती शेडच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आज आखलं नाही का?" जमीन पांढऱ्या रेघांनी भरलेली होती. दुपारी त्याने लाकडाच्या बारीक पट्ट्या काढल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि खडूच्या रेघांवर सिमेंटमध्ये ठोकून बसवल्या. आता तिच्या पायांना घर कळू लागलं. एक पट्टी म्हणजे भिंत, पट्टी नाही तिथे दार, दोन पट्ट्या म्हणजे खिडकी. अनवाणी पावलांनी ती चाचपत फिरे. पलंगाच्या जागी त्याने खाट ठेवली होती. खाटेशी आली की ती आधी अंगठ्याने दोन पट्ट्या शोधायची, दोन्हींवरून पाय फिरवायची, आणि मगच बसायची. त्याच्या ते लक्षात आलं होतं का? आलं असावं. पण त्याला वाटलं, ती दिशा ठरवून घेतेय.

पुढे तिला माणसाचा चेहरा दिसेनासा झाला, मग हातही. ती सकाळी उठून मागच्या दारात तोंड वर करून उभी राही. तो तिला खुर्ची आणून देई, ती बसत नसे.

आणि मग एकदाचा नकाशा पुरा झाला. त्याने गुण्या लावून सगळे कोन तपासले. कुठे टोक नाही, कुठे अडथळा नाही, पाण्यापासून औषधापर्यंत सगळं हाताशी. इतका बिनचूक नकाशा त्याने आयुष्यात आखला नव्हता. तो लहान मुलासारखा घरात गेला आणि तिचा हात धरून म्हणाला, "झालं. चल, चालून बघ."

ती आली. दारातून आत शिरली, ओट्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, वळली, कुठेही अडखळली नाही. तो बघत होता, आणि त्याचा ऊर भरून आला. ती खाटेशी पोहोचली. तिने अंगठा पुढे केला. पट्टी लागली. तिने पलीकडे चाचपलं. पुन्हा अलीकडे आणला. खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊल घासत नेलं आणि परत आणलं.

"खिडकी कुठाय?"

"तिथे कपाट घेतलंय," तो उत्साहाने म्हणाला. "तुझे थेंब, पाण्याची बाटली, शाल, सगळं उशाशी. उठायला नको. आणि खिडकीने पत्रा कमजोर होतो, वाऱ्याला खडखडतो. तसाही आता तिचा काही..."

तो थांबला. पण वाक्य पुरं व्हायला काही उरलंच नव्हतं.

तिने पाऊल मागे घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "उजेड कळतो मला अजून."

"काय?"

"उजेड. सकाळी कुठल्या बाजूने उजाडतं ते कळतं. ढग आला की कळतं. तुम्ही विचारलंच नाहीत कधी."

एवढं बोलून तिने पाय उचलला, ती एकेरी पट्टी ओलांडली आणि भिंतीतून बाहेर निघून गेली. इतक्या वर्षांत ती एकदाही जाणूनबुजून भिंतीतून गेली नव्हती. त्याच्या तोंडातून सवयीने "अगं, भिंत..." असं निघालं, आणि मग त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो मटकन खाटेवर बसला.

थोड्या वेळाने तो उठला, पत्रा कापायचं यंत्र घेऊन गाडीत गेला, आणि ना माप ना रेघ, पलंगाच्या डोक्याशी सरळ पत्रा कापायला लागला. ठिणग्या उडाल्या, पत्र्याचा तुकडा खणकन बाहेर पडला आणि गाडीत ऊन आलं. तेव्हाच, त्याच क्षणी, तिला हाताला धरून आणायला हवं होतं. खाली एखादी चादर पसरून तिचं डोकं त्या उन्हात ठेवायला हवं होतं. पण त्याने भोकाकडे पाहिलं. ते वाकडं होतं. कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. ही खिडकी तिच्या डोक्याशी? हात कापेल तिचा. त्याने गुण्या शोधला.

मग भोक चौकोनात आणणं आलं. चौकट आली, रबर आलं. काचवाल्याने काच आखूड कापली, ती परत गेली. दुसरी आली तिला बारीक तडा होता. दरम्यान ओटा, कपाटं, पलंग हे सगळं तो बसवत गेला, कारण खिडकी झाल्यावर एक दिवससुद्धा वाया घालवायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. तो पहाटे गाडीत शिरे आणि अंधार पडल्यावरच बाहेर येई. बायको सकाळी मागच्या दारात उभी राहायची बंद झाली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. ती रागावलेली मात्र नव्हती. जेवायला वाढून देई, "आज कुठपर्यंत आलं?" असं विचारी.

अखेर काच बसली. काचवाल्याने चरे पडू नयेत म्हणून तिच्यावर बाहेरून जाड खाकी कागद चिकटवून दिला होता. कागद काढायचं तेवढं राहिलं होतं, पण त्याला आता क्षणाचाही धीर नव्हता. त्याने तिला बोलावलं.

ती गाडीची पायरी चढली. दारातून आत आली, ओटा, वळण, बाक. नकाशा खरोखरच बिनचूक होता. तिने गादीवर हात फिरवला, आडवी झाली, उशीवर डोकं टेकवलं. बिछान्याची ती खोली अंधारलेली होती, समोरच्या काचेतला उजेड मधल्या भिंतीने अडत होता.

"थांब हं," तो म्हणाला आणि कागद फाडायला बाहेर जाण्यासाठी वळला.

"अगंबाई," ती म्हणाली. "केवढा उजेड आलाय हो!"

त्याचा पाय जागच्या जागी थांबला. ती पडल्या पडल्या हसत होती. तोंड खिडकीकडे, खाकी कागदाकडे वळवलेलं. तिने हात वर करून काच चाचपली, चौकटीच्या दोन्ही कडांवरून बोटं फिरवली.

"छान झाली. अगदी म्हटल्यासारखी झाली."

त्याने पुन्हा त्या खाकी कागदाकडे पाहिलं. कधी गेला असेल उजेड? काच परत गेली तेव्हा? की त्याआधीच, तो चौकटीला रंधा मारत होता तेव्हा? आता विचारायचं होतं, आणि आता विचारता येत नव्हतं. कागदही काढता येत नव्हता. काढायला गेलं तर फाटल्याचा आवाज झाला असता, आणि तिला कळलं असतं की काच अजून झाकलेलीच होती.

"आवडली ना?" तो म्हणाला.

"खूप. निघायचं का आता?"

तो पुढे जाऊन बसला. तिला नीट ऐकू यावं म्हणून त्याने मधल्या भिंतीचं सरकतं दार उघडं ठेवलं. गाडी चालू झाली. अंगण गेलं, गल्ली गेली. तो गाडी पायी चालल्यासारखी हळू नेत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागून तिचा आवाज आला.

"मला उजेड तेवढा कळतो, बाकीचं तुम्ही सांगा. काय काय दिसतंय?"

त्याने आधी समोर पाहिलं, मग तिच्या खिडकीच्या बाजूला. रस्त्याच्या कडेने कारखान्याची मागची भिंत धावत होती.

"भिंत आहे," तो म्हणाला. "आमच्या कारखान्याची. लांबलचक आहे. संपली की सांगतो."

"सांगा," ती म्हणाली.